नववं पोटकलम

पहिल्या पुस्तकात हा मंत्र दोनच वाक्यांचा होता:
मागाल ते घडेल.
मागणाऱ्याचं वय तीन वर्षांनी वाढेल.
टाइपरायटरवर बडवलेला, काही अक्षरांचे डोळे शाईने भरलेले.

दुसऱ्या आवृत्तीत त्याचा परिच्छेद झाला, तिसरीत पान.
चौथी-पाचवीचं काम माझ्याकडे आलं,
शेबॉयगनच्या त्या कचेरीत, सायकलच्या दुकानावर,
खिडकीबाहेर मिशिगन सरोवर, मार्च संपेपर्यंत राखाडी.

मला पगार मिळायचा तो पाचरी मारण्याचा.
ओहायोतल्या एका पोराने मागितलं होतं,
'मला आणखी शंभर वेळा मागू दे.' पहिलं पोटकलम.
टल्सात कुणी सबंध समुद्राचं सोनं केलं
आणि बंदरातली जहाजं उभ्या जागी रुतली. तिसरं.
'माझ्या वैऱ्याची आई जन्मलीच नव्हती असं कर':
हे एका ग्रंथपालाचं पत्र, अक्षर मोत्यासारखं.
चौथं आणि पाचवं त्याच्यासाठी.
दुसरं, सहावं, सातवं कुणामुळे आलं
ते आता मलाही आठवत नाही.

वयाची अट आम्ही काढून टाकली.
लोकांना म्हातारं व्हायला आवडत नाही, असं पाहणीत निघालं.
त्याऐवजी दिवसभराचा थकवा,
आणि फाशावर एक पडला तर मंत्राचा कायमचा विसर.
आठवं वकिलाने लिहिलं.
नववं माझं एकटीचं:
घडून गेलेलं या मंत्राने बदलत नाही.
सहा शब्द. कुठे फट नाही.
त्या दिवशी मी स्वतःलाच पाय खायला घातला, चेरीचा.

गुरुवारी आम्ही ऑरिन डायक्स्ट्राच्या तळघरात खेळतो.
खेळ चालवते मी.
ऑरिनची सगळी नोकरी चीजच्या कारखान्यात गेली,
त्याच्या जादूगाराची सगळी हयात एका आलेखाच्या कागदावर.
दर आवृत्तीला तो मंत्राची ओळ खोडतो, नवी लिहितो.
कागद तिथे इतका विरलाय
की खालच्या टेबलाची चीर दिसते.

पण मंत्र त्याने कधी वापरला नाही.
अजगर आला तेव्हा नाही, महामारीत नाही.
थेल्माचा सरदार पाण्यात बुडत होता तेव्हाही नाही,
आणि थेल्माने ते अजून मनातून काढलेलं नाही.

परवा आम्ही साध्या बाजारात होतो.
वेंडेल दोरखंडाच्या भावावरून माझ्याशी हुज्जत घालत होता.
ऑरिनने पेन्सिल खाली ठेवली.
'मी मंत्र म्हणतो.'
कोपऱ्यातला बॉयलर धडधडत सुरू झाला.

'काय मागतोस?'
'ते खेचर.'
'कुठलं?'
'ब्याऐंशी सालचं. मी त्याला पुलापाशी बांधलं,
आपण गुहेत उतरलो,
आणि दुसऱ्याच तोंडाने बाहेर पडलो.'

कुणाला काही आठवेना.
मग थेल्मा म्हणाली, 'एक कान पडलेलं. तपकिरी.'
'हो,' ऑरिन म्हणाला,
'त्याला कुणीतरी सोडलेलं असावं.
एवढंच.'

माझे सहा शब्द माझ्या जिभेवर तयार होते.
मी नुसतं विचारलं,
'कुठल्या आवृत्तीप्रमाणे?'
'ज्या आवृत्तीत बांधलं, तिच्याप्रमाणे.'

आणि माझ्या होकाराची वाट न पाहता
त्याने खोडरबर घेतलं,
जादूगाराचे अडुसष्ट खोडून एकाहत्तर केले,
कण फुंकरीने उडवले, माझ्याकडे पाहिलं.

वेंडेल गप्प.
मी पुस्तक मिटलं, बोट मात्र पानातच राहिलं.
म्हणाले:
संध्याकाळी एक मुलगी दुधाची बरणी घेऊन
त्या पुलावरून चालली होती.
तिने बरणी खाली ठेवली.
गाठ पक्की होती.
तिला बराच वेळ लागला.